गायरान बाळंत आहे

आत्याबाई, मला ओळखलं का? नसेलच ओळखलं. जित्या होत्या तेव्हासुद्धा माझं नाव तुमच्या तोंडी कधी वेळेवर आलं नाही. भाकऱ्या थापायला बोलवायचं असलं की आधी जावेचं नाव, मग तुमच्या लेकीचं, आणि शेवटी चांदीचं. चांदी म्हणजे आपली पांढरी शेळी. तुम्ही "चांदे!" म्हणून हाक मारायच्या आणि चुलीपाशी मी अन् गोठ्यात ती, दोघीही ओ द्यायचो. तर मी ती. चांदी नव्हे, दुसरी. तुमची थोरली सून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्यापेक्षा मोठी झाले असेन. म्हणजे खरं तर यापुढं तुम्हीच मला वाकून नमस्कार करायचा, पण राहू द्या, तुमची कंबर धरते.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही येत नव्हतं. मी बोलते आणि नातसून मोबाईलात लिहिते. पोरगी शहरातली आहे, शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते, आज तिची सुट्टी. सुरुवातीलाच आमचं वाजलं. म्हणते, "आजी, सासूबाई लिहू का?" म्हटलं, "सासूबाई टीव्हीत असती. माझी आत्याबाई होती. तसंच लिही." आणि मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' लिहिते. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, आपल्या घरात कुणी मास्तरीण शिरून बोलतीय. मी म्हटलं जाऊ दे, तुम्हाला कळण्याशी मतलब. तुम्ही तर माझं न बोललेलंही ऐकायच्या आणि त्यावर भांडायच्या.

खरं सांगायचं तर मला आज बसवत नाही. सकाळपासून उठते, उंबऱ्यापर्यंत जाते, माळाकडं बघते, परत येते. वरणात दोनदा मीठ पडलं. नातू म्हणाला, "आजी, दर्याचं पाणी आणलं का?" सोमवारी आपल्या गायरानावर साहेब येणार आहे. त्याला तिथं जनावर चरताना दिसलं नाही तर गायरान जाणार, तिथं उन्हाच्या विजेच्या काचा बसणार. आणि जनावर आताच आत सोडलं तर गवताचं बी जाणार. हे असं आहे. इकडं गेलं तरी नुकसान, तिकडं गेलं तरी नुकसान, आणि सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघतायत. माझ्या तोंडात दात नाहीत, उत्तर कुठलं असणार? म्हणून तुम्हाला विचारावं म्हटलं.

तुम्हाला आठवतं का, मी पहिलटकरीण होते ते वर्ष? पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत माझी बाज टाकली होती, आणि तुम्ही तुमच्या लाल लुगड्याची चिंधी फाडून दाराच्या कडीला बांधली. चिंधी दिसली की घरातला गडी माणूस आत यायचा नाही, तुमचा लेकसुद्धा उंबऱ्याबाहेरून खाकरून पोराचं रडणं ऐकून जायचा. त्याच लुगड्याची दुसरी चिंधी तुम्ही काखेत मारली आणि माळावर निघाल्या. मी बाजेवरून विचारलं, "आत्याबाई, ती कुणाच्या दाराला?" तुम्ही म्हणाल्या, "तिच्या. तिलाबी बाळंत व्हायचंय." मला वाटलं, गावात आणखी कोण अडली? तुम्ही जाऊन गायरानाच्या वरच्या अंगाला, बोरीच्या झाडाला ती चिंधी बांधून आल्या. मी पडल्या पडल्या हसले तर टाके नव्हते तरी पोट दुखलं.

मग पुढं कळलं तुमचं सगळं. गायरानाचे तुम्ही बायांनी मनातल्या मनात तीन तुकडे केले होते, वरचा, मधला आणि ओढ्याकडचा. चावडीवर पुरुषांना विचारलं तर ते म्हणायचे गायरान एकच, सरकारी. बायांना विचारलं तर तीन. दर पावसाळ्यात एक तुकडा बाळंत. त्यात कुणाची गाय नाही, शेळी नाही, विळा नाही. गवत वाढणार, निसवणार, बी धरणार, बी पिकून खाली पडणार, तेव्हा चिंधी सुटणार. मग वाळलेलं उभं गवत खायला सगळ्यांची जनावरं मोकळी, आणि पुढच्या पावसाचं बी जमिनीत. ठरायचं सगळं ओढ्यावर धुणं आपटता आपटता. राखणीच्या पाळ्या पण तिथंच लागायच्या, आज हिच्या घराची, उद्या तिच्या. पाळी चुकवणारीला तुम्ही काही बोलायच्या नाहीत, फक्त तिच्या दारावरून जाताना मोठ्यानं माझ्याशी बोलायच्या. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

एकदाच माझ्यावर खरोखर कडाडल्या. मी नव्यानं राखणीला बसले होते, आणि पलीकडच्या वस्तीवरचा एकजण गाई घेऊन आला. मी म्हटलं, "इकडं नाय, हे बंद हाय." तुम्ही मागून आल्या, त्याच्यासमोरच म्हणाल्या, "बंद दुकान असतंय. ही बाळंत हाय. नीट बोल." मला इतका राग आला! एका शब्दासाठी परक्या माणसासमोर पाणउतारा. पण तो गाई वळवून गेला, आणि जाताना पायातली वहाण काढून हातात घेऊन कडेकडेनं गेला. बंद म्हटलं असतं तर हुज्जत घातली असती. आणि पाटलाचा बैल शिरला होता तेव्हा? तुम्ही पाटलाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पाटील, तुमचा बैल बाळंतिणीच्या खोलीत शिरलाय. त्याला लाज नाय, तो मुका जीव. तुमचं काय?" पाटील जेवत होते. ताट सारून उठले. त्यानंतर तो बैल गायरानाच्या वाटेनं पण कधी दिसला नाही.

आणि ते कुसळांचं. दसरा झाला की तुम्ही एकट्या त्या तुकड्यात एक फेरी मारून यायच्या आणि उंबऱ्यावर पाय पसरून बसायच्या. मी समोर उकिडवी बसून तुमच्या लुगड्याच्या काठातली कुसळं एकेक करून काढायची. तुम्ही डोळे मिटून विचारायच्या, "वाकतंय का टोचतंय?" कुसळ बोटाला वाकलं म्हणजे बी कच्चं. टोचलं म्हणजे पिकलं, चिंधी सोडायला हरकत नाही. माझ्या बोटांची चाळण व्हायची आणि तुम्ही खुश. "टोचलं ना? बरं झालं." घरात दुसऱ्या कुणाला काटा टोचला म्हणून आनंद झालेला मी पाहिला नाही.

तुम्ही गेल्यावर आम्ही काही वर्षं चालवलं. मग शेंद्र्याला कंपन्या आल्या. पोरी-सुना शिफ्टला जायला लागल्या, गाड्या दारात येऊन हॉर्न देतात, राखणीला कोण बसणार? ओढ्यावर धुणं राहिलं नाही, घरोघरी मशीन आलं, मग ठरवायचं कुठं? गाई निम्म्या घरांनी विकल्या. चिंधी बांधायची राहून गेली ती गेलीच. गवत काय, येईल तसं आलं, जाईल तसं गेलं. माळाची हाडं दिसायला लागली. मी उंबऱ्यातून बघायची आणि तोंड फिरवायची. शेळ्या ठेवल्या होत्या त्या फक्त आपण, आणि खालच्या गल्लीतली खाला, आणि अशीच दहा-पाच घरं.

तर या पावसाळ्यात काय झालं ऐका. मृग लागायच्या आधीच एक दिवस खाला धावत आली. तिला धाप लागलेली. "अक्का, उपर देखे क्या? किसी ने लाल कपडा बांधा!" मी काठी घेऊन उंबऱ्यावर आले. माझे डोळे मोतीबिंदूचे, पण लाल मला अजून दिसतं. बोरीपासून ओढ्यापर्यंत, खुंट्या ठोकलेल्या आणि एकेका खुंटीला लाल चिंधी. एक नाही, रांगच. आत्याबाई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हटलं, पोरींना आठवलं! एक तुकडा नाही, तिन्ही तुकडे एकदम. जरा जास्तच आठवलं, पण उत्साह आहे, असू दे. मला वाटलं खालच्या आळीच्या सुनांनी बांधलं. खालच्या आळीला वाटलं मी बांधून घेतलं. खालाला वाटलं आपल्या नातसुनेनं. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण अशी गोष्ट विचारायची नसते, पाळायची असते. मी मात्र दारात येईल त्याला सांगत सुटले, "आत जाऊ नका, बाळंत हाय." म्हाताऱ्या खुश, त्यांनी सुनांना दटावलं, सुनांनी नवऱ्यांना. सगळा पावसाळा एक शेळी आत गेली नाही. बांधावरचा पाला, विकतचा कडबा, कसंतरी भागवलं. आणि गवत काय आलं सांगू! पवना, मारवेल, कुसळी, गुडघ्याच्या वर. वारा आला की माळ हलताना दिसायचा. मी रोज बघायची, पोराला दूध पाजावं तशी पोट भरून.

मग गौरी-गणपती झाल्यावर गाडी आली. साहेब उतरला, सरपंच बरोबर, मोबाईलनं फोटो काढले. त्या चिंध्या मोजणीवाल्यांच्या होत्या, आत्याबाई. गवतात खुंट्या हरवू नयेत म्हणून बांधलेल्या. आणि साहेबानं बघितलं तर काय, एवढ्या मोठ्या गायरानात ना गाय ना शेळी, ना शेण ना खुरांची वाट. म्हणाला, इथं चराई होतच नाही, जागा पडीक आहे. आपण बाळंतिणीची खोली इतकी नीट सांभाळली की त्याला वाटलं घरात कुणी राहतच नाही.

बायांच्या ग्रामसभेत मी गेले. सरपंच माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोरगं, तसा वाईट नाही. म्हणाला, "आज्जी, साहेबाला जनावर दिसलं नाय, मी काय करू?" मी म्हटलं, "बाळंतिणीच्या खोलीत तुला कधी बैल दिसला का रे?" सगळ्या हसल्या. तोही हसला. पण हसून झाल्यावर म्हणाला, "हे मी साहेबाला कसं सांगू? मला तर सांगताच येणार नाय." आणि खरंच आहे, त्यानं कसं सांगावं? नातसून उठून म्हणाली, चराईबंदी म्हणा. तो म्हणाला, बंदी होती तर ठराव कुठाय? मला तुमची आठवण आली. बंद दुकान असतं. शेवटी एवढंच पदरात पडलं की साहेब सोमवारी परत येईल, पुन्हा एकदा बघेल.

तेव्हापासून घरात शांतता नाही. नातसून म्हणते, "आजी, सरळ आहे. सोमवारी सगळी जनावरं आत सोडू. बी गेलं तर गेलं, जमीन तर राहील." खाला ओट्यावर बसून पान लावत होती, ती उसळली. "मेरे बकऱ्यां एक दिन में चट करते पूरा. फिर अगले साल उनको क्या खिलाऊं, फोटो?" नातसून म्हणते, जमीनच राहिली नाही तर पुढचं साल कुठलं? खाला म्हणते, बीच नाही राहिलं तर जमिनीला काय चाटायचं? दोघींचं बरोबर. दोघी माझ्याकडं बघतायत. मी म्हटलं, "मला चहा द्या." चहा झाला, तरी बघतायत.

पक्षपंधरवड्यात तुम्हाला पान वाढलं होतं, तेव्हा विचारणार होते. कावळा शिवलाच नाही. इथले कावळे कंपनीच्या कँटीनवर माजलेत, त्यांना पुरी-श्रीखंड लागतं, तुमची गवारीची भाजी त्यांना खपत नाही. शेवटी गायीला दिलं. तर प्रश्न राहूनच गेला, आणि काल मला काही राहवलं नाही. कुणाला न सांगता काठी टेकत टेकत मी वर गेले. या गुडघ्यांनी. त्या मोजणीच्या चिंधीला हात लावून बघितला, कसलं कापड ते, बुळबुळीत, अंगाला लावावंसं न वाटणारं. आत एक फेरी मारली, तुमच्यासारखी. परत आले आणि उंबऱ्यावर पाय पसरून बसले. नातसून कामावरून आलेली, गाडीतून उतरून बघते तर माझा काठ कुसळांनी भरलेला. ओरडली, "आजी! पडला असता म्हणजे?" ओरडता ओरडता समोर उकिडवी बसली आणि एकेक काढायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि विचारलं, "वाकतंय का टोचतंय?"

ती म्हणाली, "वाकतंय."

म्हणजे अजून कच्चं. दिवाळीपर्यंत तरी नाही. मी तिला सगळं सांगितलं, कुसळाचं, चिंधीचं, तुमच्या मागच्या खोलीचं. ती ऐकत होती, काढत होती. मग सहज म्हणाली, "मग काय आजी, सव्वा महिना बाळंतिणीला कुणीच भेटायचं नाही? तुम्हाला कंटाळा नाही आला?" मी म्हटलं, "कुणीच कसं? गडी नाय यायचा, जनावर नाय यायचं. बाया येतात की. रोज येतात. खायला घेऊन येतात, बाजेपाशी बसतात, डोकं खातात." आणि बोलता बोलता मी थांबले. तीही थांबली. कुसळ तिच्या चिमटीत तसंच.

तर सोमवारी आम्ही बाळंतिणीला भेटायला जाणार आहोत. जनावरं बाहेर, ओढ्याच्या कडेला, दावणीला बांधलेली, गळ्यात घुंगरं घालून, म्हणजे साहेबाला ऐकू येतील. आणि आत आम्ही, वहाणा काढून, पदर घेऊन, गवतात डबे उघडून बसणार. साहेब आला की त्यालाही सांगणार, बाबा, तू कडेला उभा राहा, इथं गडी माणसाला येता येत नाही. विचारील का म्हणून. तेव्हा सांगू. पडीक जागेत एवढ्या बाया जेवायला जातात का, हे त्याचं त्यानं ठरवावं. सरपंचाला सांगितलं तर म्हणतो, "आज्जी, साहेब म्हणंल पिकनिक चाललीय." म्हणेलही. मला काय माहीत? खालानं गुलगुल्यांचं कबूल केलंय. खालच्या आळीच्या निम्म्या सुना येते म्हणाल्या, निम्म्या म्हणाल्या शिफ्ट आहे. नातसुनेला सुट्टी मिळेल न मिळेल. मी पुन्हा उंबऱ्यापर्यंत जाऊन आले. अजून मोजणीच्याच चिंध्या आहेत. माझ्याकडं तुमच्या लुगड्याचा तुकडा गोधडीच्या आत शिवलेला आहे, आज उसवून ठेवलाय. बोरीला तो बांधायचा.

नातसून विचारते, "आजी, झालं? वर नाव काय टाकू? पूर्ण नाव सांगा." आणि आत्याबाई, मला तुमचं नाव येत नाही. सून सासूचं नाव घेत नाही, ते खरं, पण ऐकलेलंही आठवत नाही. मामंजी तुम्हाला "अगं" म्हणायचे, गाव थोरल्याची आई म्हणायचं, जमिनीच्या कुठल्या कागदावर तुम्ही नव्हत्या. म्हणजे मी सुरुवातीला तुम्हाला एवढं बोलले ते परत घेते. मला हाक मारायला तुमच्याजवळ निदान चांदीचं नाव तरी होतं. पोरगी म्हणते नाव नाही, नंबर नाही, तर पाठवू कुणाला? मी म्हटलं, ठेव तसंच मोबाईलात.

पण नाव नसलं म्हणून काम अडवू नका. मेथीचे लाडू पाठवा. माझ्या हातचे गोड होतात, नातू खातो म्हणून मी गूळ वाढवत गेले, आणि बाळंतिणीला ते चालत नाहीत. तुमच्यासारखे पाहिजेत, कडू, तोंड वाकडं होईल असे, डिंक जास्त, खारीक कुटलेली, खोबरं भाजलेलं. सोमवारच्या आत पाठवा, कावळ्याच्या भरवशावर राहू नका. आणि मुठीएवढे वळा. बाळंतीण मोठी आहे, हात आखडू नका.